गप्प माणसाचीही हजेरी

रमजानचा चंद्र दिसल्याची बातमी आली की घराघरांतले मोबाइल वाजू लागतात. चंद्रकोर आणि मिनाराचं तेच चित्र दहा ग्रुपवर येतं. दिवाळीला पणत्या येतात, पाडव्याला गुढी. या शुभेच्छांच्या गर्दीत प्रत्येक घरातलं एखादं माणूस मात्र गप्प असतं. संदेशापुढे दोन निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. मग कुजबुज सुरू होते, 'वाचलं, पण साधं उत्तर नाही. शिष्ट झालाय.' व्हॉट्सअॅपवर या निळ्या खुणा आल्या २०१४ साली. त्याआधी गप्प राहणं हा गुन्हा नव्हता.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१च्या आपल्या ग्रंथात माणसांच्या अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन वृत्ती मांडल्या. अंतर्मुख म्हणजे लाजाळू किंवा माणूसघाणा नव्हे. लाजाळू माणसाला बोलायचं असतं, पण भीती आड येते. अंतर्मुख माणूस भीत नाही, गर्दीत लवकर थकतो आणि एकांतात पुन्हा ताजा होतो. ग्रुपवर एक अक्षर न लिहिणारी मुलगी जिवलग मैत्रिणीशी तासभर बोलते, ती याचमुळे.

अशा वृत्तीला धर्मपरंपरांनी मानाची जागा दिली होती. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत काही जण रोजचे व्यवहार बाजूला ठेवून मशिदीत मुक्काम करतात. याला एतिकाफ म्हणतात. हनफी पद्धतीत स्त्रिया घरातच नमाजच्या जागी एतिकाफला बसतात. मोहल्ल्यातला एक जण बसला तरी साऱ्या मोहल्ल्याची जबाबदारी पार पडते, असं मानलं जातं. म्हणजे एकाचा एकांत सगळ्यांच्या कामी येतो. तुकोबा देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात जाऊन बसत. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातही दहा दिवसांचं मौन असतं आणि मोबाइल आधी जमा करावा लागतो. एतिकाफमध्ये मात्र आता मोबाइल सोबत असतो, आणि एकांताचाही फोटो स्टेटसवर झळकतो.

एकांत बरा की माणसांची संगत, हा वाद जुनाच आहे. इमाम गजाली बगदादच्या निजामिया मदरशाचे नामवंत शिक्षक होते. १०९५ साली त्यांची वाचाच जणू बंद झाली, शिकवणं अशक्य झालं. मानमरातब सोडून ते दमास्कसकडे निघून गेले. पुढे 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात त्यांनी एक प्रकरण मैत्रीवर लिहिलं आणि लगेच पुढचं एकांतवासावर. दोन्हींचे फायदे-तोटे मांडले. कोणाला काय मानवेल, हे त्या त्या माणसावर आणि त्याच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, असा त्यांचा कौल.

दानाच्या बाबतीतही अशीच शिकवण आहे. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये. रमजानमध्ये जकात आणि रेशनचे संच वाटले जातात, तेव्हा फोटोसाठी रांगेत उभं राहावं लागतं ते घेणाऱ्याला. पीठ-साखरेची पिशवी हातात धरून कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या त्या बाईचं मन कोणी विचारत नाही. अंधार पडल्यावर पिशवी दारात ठेवून निघून जाणारा माणूस स्टेटसवर दिसत नाही, पण तिची लाज तो राखतो.

अर्थात, गप्प स्वभाव ही सबब होऊ शकत नाही. सलामाला उत्तर देणं, आजाऱ्याला भेटणं, मयतीला खांदा देणं हे हक्क अंतर्मुख माणसावरही तितकेच आहेत. शंभर फॉरवर्ड त्याने पाठवू नयेत, पण दवाखान्यात असलेल्या मामूंना एक फोन जरूर करावा.

बाकीच्यांनी एवढंच पाहावं, की ग्रुपवर न बोलणारा वेळेला धावून येतो की नाही. येत असेल, तर त्याची हजेरी लागली. येत्या ईदला ज्याचा 'मुबारक' मोबाइलवर आला नाही, त्याच्याबद्दल गैरसमज करून घेण्याआधी त्याच्या दारी जावं. शीरखुर्म्याची वाटी पुढे करताना कदाचित तोच सर्वांत जास्त बोलेल.