हुलगा, साखर आणि ‘ओ’ गट

वेळापूरच्या रक्तदान शिबिरात मी तंत्रज्ञ ताईंच्या टेबलाशी बसून राहिलो. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब. एकावर निळं अँटी-ए, दुसऱ्यावर पिवळं अँटी-बी, तिसऱ्यावर बिनरंगाचं अँटी-डी. काडीनं ढवळून ताईंनी टाइल झुलवली. पहिल्या आणि तिसऱ्या थेंबात लाल रवा पडला, मधला तसाच राहिला. “ए पॉझिटिव्ह.”

पहिल्या थेंबातला रवा साखरेमुळे पडतो. उसाच्या या माळशिरस तालुक्यात साखर म्हटली की पोतं आठवतं. ही साखर मात्र लाल पेशींच्या अंगावर, साखळीच्या रूपात असते. साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज असेल तर बी गट, त्याचंच थोडं बदललेलं रूप असेल तर ए. मोजक्या अणूंचा फरक, पण प्रतिकारशक्तीच्या बी पेशींचे ग्राहक तो अचूक ओळखतात. त्याच ग्राहकांची पेशींनी बाहेर सोडलेली रूपं रक्तात फिरतात, त्यांना आपण प्रतिपिंड म्हणतो. अँटी-ए, अँटी-बी म्हणजे असेच प्रतिपिंड. एकाला अनेक हात असल्यानं तो बऱ्याच पेशी एकत्र बांधतो.

ए गटाची साखर ओळखणारं प्रथिन आपल्या हुलग्यातही आहे. 1951 मध्ये जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं की हुलग्याचा अर्क ए गटाच्या पेशींच्या गुठळ्या करतो. ए-1 हा उपगट ओळखायला तो आजही वापरतात. ज्याचं माडगं आणि शेंगोळे खाऊन आम्ही वाढलो, त्या दाण्याबद्दल हे कळल्यावर मला फार आनंद झाला.

पुढच्या माणसाच्या ए-बी थेंबांत काहीच झालं नाही. ताईंनी ‘ओ’ लिहिलं, आणि म्हणाल्या, “पेढीत सीरमची उलट तपासणी झाल्यावरच पक्कं.” त्यांचं हे म्हणणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. ओ गटाच्या साखळीच्या टोकाला फ्यूकोज असते, अशा टोकाला ‘एच’ म्हणतात. 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना अशी माणसं सापडली, ज्यांच्या पेशींवर एचही नव्हतं. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एक. टाइलवर तो हुबेहूब ओ दिसतो, पण उलट तपासणीत त्याचं सीरम ओ पेशींच्याही गुठळ्या करतं. ओ रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

हा गुण आईवडील दोघांकडूनही यावा लागतो. म्हणून घरात एकाचा बॉम्बे गट निघाला, तर सख्ख्या भावंडांनी आपलं रक्त लगेच तपासून घ्यावं आणि रक्तपेढीत नाव नोंदवावं.