तुम्ही नसाल तेव्हा शटर कोण उघडणार? उपचारांच्या नऊ महिन्यांत शिकलेला धडा



मधे नऊ महिने आपल्या चॅनलवर एकही नवीन व्हिडिओ आला नाही. बऱ्याच जणांनी विचारलं, "मॅडम, दुकान बंद केलं का?" दुकान बंद नव्हतं. मी आजारी होते. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. वय ३४, घरात सहा वर्षांचा मुलगा, आणि लग्नसराई तोंडावर.

आज भांडवल, मार्जिन, जीएसटी यातलं काहीच बोलणार नाही. तरी लेख शेवटपर्यंत वाचा. विषय धंद्याचाच आहे.

माझी पहिली चूक: लपवलं

माझं मॅचिंग सेंटर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एका माणसावर चालणारं दुकान. बीबीएला असताना रिस्क मॅनेजमेंटमध्ये मला चांगले मार्क होते. पण स्वतःच्या दुकानात 'मालकीण पंधरा दिवस आली नाही तर काय?' या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

रिपोर्ट आला तेव्हा मी ठरवलं, बाहेर कुणाला सांगायचं नाही. होलसेलवाले उधारी बंद करतील, गिऱ्हाईक दुसरीकडे वळेल, नातेवाईक रडायला येतील. पहिल्या केमोला पुण्याला जाताना दुकानावर पाटी लावली, 'घरगुती कारणामुळे दुकान बंद राहील.'

आठवड्याने परत आले तर बाजारात बातमी पसरलेली, 'त्यांचं दिवाळं निघालं.' बघा, खरं लपवलं की लोक रिकामी जागा स्वतःच भरतात. आणि ते जे भरतात, ते खऱ्यापेक्षा महाग पडतं.

शेजारच्या खुर्चीवरच्या मावशी

केमोच्या डे-केअरमध्ये खुर्च्यांची रांग असते. प्रत्येकीच्या हाताला सलाईन. माझं पहिलं औषध लाल रंगाचं होतं. शेजारच्या खुर्चीवर पन्नाशीच्या एक मावशी होत्या, बाजारात भाजी विकणाऱ्या. त्यांची चौथी वेळ. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "पोरी, आज लघवी लाल होईल. रक्त नसतंय ते, औषधाचा रंग असतो. नाहीतर रात्री गाडी करून पळत येशील."

डॉक्टरांनीही हे सांगितलं असेल. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात काहीच शिरत नव्हतं. रात्री तसंच झालं, आणि मी घाबरले नाही. झोपले. त्या एका वाक्याने माझी रात्र वाचवली.

मावशींनी अजून एक सांगितलं, "केस जायच्या आधीच बारीक करून घे. उशीवर पुंजके बघवत नाहीत." पंधरा-सोळा दिवसांनी केस गळायला लागले तेव्हा कळलं, ही बाई अनुभवाने बोलत होती.

डॉक्टर आजाराचं सांगतात. घरचे धीर देतात. पण 'उद्या सकाळी नेमकं काय होणार' हे जी चार पावलं पुढे आहे, तीच सांगू शकते. धंद्यातही असंच असतं ना? सीए हिशेब सांगतो. पण दिवाळीला किती माल भरायचा हे दहा वर्षं दुकान चालवलेला माणूसच सांगतो.

आमच्या चौघींचा गट

माझी केमो दर २१ दिवसांनी होती. चक्र सारखं असलं की तोच वार, त्याच खुर्च्या, त्याच बायका. आपोआप चौघींचा गट झाला. भाजीवाल्या मावशी, एक निवृत्त शिक्षिका, शिवणकाम करणारी एक ताई आणि मी.

कोण काय द्यायचं, बघा.

मावशींना दवाखान्यातली प्रत्येक खिडकी माहीत. कुठला कागद कुठे, नंबर लावायला किती वाजता यायचं, सगळं.

शिक्षिका बाई फाइल नीट लावून द्यायच्या, फॉर्म भरून द्यायच्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात आणि योजनेतल्या दवाखान्यात मदतीला 'आरोग्यमित्र' बसतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी शिकलेली बाई, पण हे मला माहीत नव्हतं!

शिवणवाल्या ताईचं ऑपरेशन आधी झालं होतं. ब्लाउजच्या आत सुती खिसा शिवून त्यात पॅड कसा बसवायचा, हे तिने सांगितलं. ऑपरेशनच्या बाजूचा हात वर नेण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने तिला शिकवले होते. माझी वेळ आली तेव्हा ते मी टाळायला लागले, तर रोज फोन करून विचारायची, "केलेस का?"

आणि मी? मी प्रत्येकीला खर्चाची वही करून दिली. प्रवास, तपासण्या, औषधं, बुडालेला रोजगार असे चार रकाने. साधी गोष्ट आहे. पण पैसा कुठे जातोय हे दिसलं की अर्धी भीती कमी होते.

यात कोणी दाता नव्हता, कोणी बिचारी नव्हती. प्रत्येकीकडे काहीतरी होतं आणि प्रत्येकीला काहीतरी हवं होतं. आपण याला धंद्यात देवाणघेवाण म्हणतो. फरक इतकाच की इथे त्याच दिवशी हिशेब चुकता करायचा नसतो.

मावशी आल्या नाहीत

माझ्या तिसऱ्या केमोला शेजारची खुर्ची रिकामी. फोन लागेना. दोन दिवसांनी लागला तर म्हणाल्या, "बास झालं आता. बरं वाटतंय मला."

केमो वेळेवर पूर्ण होणं किती महत्त्वाचं असतं, हे आम्हाला डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. माझ्या तोंडावर रागाचे शब्द आले होते. शिक्षिका बाईंनी फोन घेतला. एकच प्रश्न विचारला, "मावशी, नेमकं काय अडलंय?"

मग खरं बाहेर आलं. त्यांना गाळा नाही. रस्त्याकडेची बसायची जागा. दोन आठवडे रिकामी राहिली की दुसरा बसतो. मागच्या वेळी भांडून जागा परत मिळवली होती. पुन्हा ताकद नव्हती. आणि दर वेळचं दोघांचं पुण्याचं भाडं.

म्हणजे मावशींनी उपचार सोडले नव्हते. त्यांनी जागा वाचवायचं ठरवलं होतं. आपल्यासारख्यांना हे लगेच कळेल. जागा गेली की धंदा गेला.

एकदा नेमकं अडलेलं कळलं की मार्ग निघतो. त्यांची जाऊ जागेवर बसायला तयार होती, पण पहाटे मार्केट यार्डातून माल आणणं तिला जमत नव्हतं. शिवणवाल्या ताईच्या नवऱ्याचा टेम्पो आहे. त्या आठवड्यांत त्याने माल पोचवला, भाडं नंतर घेतलं. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत सवलत असते. स्लीपरला रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो. तो फॉर्म बाईंनी भरून दिला.

मावशी नऊ दिवस उशिरा आल्या. पण आल्या. आज त्या त्याच जागेवर बसतात, आणि कोथिंबिरीचे पैसे माझ्याकडून घेत नाहीत. मी जबरदस्तीने देते.

हे काही आम्ही शोधलं नाही

१९५२ साली अमेरिकेत टेरीस लॅसर नावाच्या बाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. हात कसा हलवायचा, कपड्यांचं काय करायचं, घरी कसं वागायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. त्या कामाचं नाव 'रीच टू रिकव्हरी'. सुरुवातीला बऱ्याच डॉक्टरांना हे रुचलं नाही. पण १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो उपक्रम आपल्याकडे घेतला, आणि पुढे तो अनेक देशांत पोचला. मूळ कल्पना एवढीच, जी यातून गेली आहे तिने नवीन आलेलीला भेटायचं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण खोटी आशा विकणं हा आपला धंदा नाही. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल या अमेरिकन डॉक्टरांच्या अभ्यासात दिसलं होतं की आजार पसरलेल्या ज्या बायका गटात येत होत्या, त्या जास्त जगल्या. पण २००१ मध्ये कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मनावरचा ताण आणि वेदनेचा त्रास मात्र कमी झाला, विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांचा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही फक्त. आमच्या शिक्षिका बाई आज नाहीत. त्यांचा आजार पसरला. आम्ही तिघी होतो, रोज फोन होता, तरी त्या गेल्या. शेवटच्या आठवड्यातही त्यांनी मला विचारलं, "योजनेच्या फाइलची झेरॉक्स काढून ठेवलीस ना?" सोबत म्हणजे औषध नाही. पण औषध घेत असताना माणूस एकटा पडत नाही, हेही थोडं नाही.

मग दुकानाचं काय केलं?

मावशींच्या प्रसंगानंतर मी घरी आले आणि स्वतःला तोच प्रश्न विचारला, 'नेमकं काय अडलंय?' आणि लपवणं बंद केलं.

शेजारच्या स्टेशनरीवाल्या काकांना सरळ सांगितलं, "काका, मला कॅन्सर आहे. महिन्यातले काही दिवस तुम्ही शटर उघडाल का?" ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "किल्ली दे." बदल्यात मी त्यांच्या बिलांच्या नोंदी करून देऊ लागले. पडल्या पडल्या करता येणारं ते काम होतं, आणि काकांना त्याचाच कंटाळा.

मग २१ दिवसांचं कॅलेंडर केलं. पहिले पाच-सहा दिवस मी अंथरुणात. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी कमी असतात, म्हणून गर्दी बंद. तेव्हा फोनवर ऑर्डर आणि काउंटरवर क्यूआर कोड. शेवटचा आठवडा बरा, तेव्हा खरेदी आणि वसुली. प्रत्येकीचं शरीर वेगळं असतं, तुमचे दिवस तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

उधारी? एका व्यापाऱ्याने रोख मागितले. दोघांनी मुदत वाढवून दिली. मला वाटलं होतं तिघेही पाठ फिरवतील. गिऱ्हाइकंही काही गेली. पण दोघी-तिघी हळूच काउंटरवर वाकून म्हणाल्या, "ताई, मलाही गाठ लागतेय. कुणाला दाखवू?" त्यांना मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे जायला लावलं.

गट करणार असाल तर आमचे चार नियम

१. औषधाचा प्रश्न फक्त डॉक्टरांना. कुणाचा काढा, कुणाचा रस, कुणाचा बाबा गटात आणायचा नाही. केमोच्या काळात १००.४ च्या वर ताप गेला तर गटात विचारत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

२. 'काही लागलं तर सांग' असं म्हणायचं नाही. 'गुरुवारी डबा मी आणते' असं म्हणायचं.

३. मागताना नेमकं मागायचं. 'मदत करा' ऐकून लोक घाबरतात. 'दहा ते एक दुकान बघाल का?' याला लोक हो म्हणतात.

४. एखादी बोलेनाशी झाली की उपदेश नाही. आधी विचारायचं, काय अडलंय?

आजचा गृहपाठ

आपल्या प्रत्येक व्हिडिओनंतर गृहपाठ असतो, आजही आहे. तुम्ही निरोगी आहात, धंदा नवा आहे, तेव्हाच हे करायचं.

वहीच्या शेवटच्या पानावर दोन नावं लिहा. पहिलं, तुम्ही नसाल तर शटर कोण उघडेल? दुसरं, तुम्ही कुणाचं शटर उघडाल? दुसरं नाव सुचत नसेल तर पहिलं नावही कच्चं आहे, असं समजा.

माझ्या वहीत पहिल्या ओळीत काका आहेत. दुसऱ्या ओळीत एक नवीन नाव आहे. मागच्या महिन्यात तिची पहिली केमो झाली, किराणा दुकान आहे तिचं. येत्या गुरुवारी दहा ते एक मी तिच्या काउंटरवर असेन. त्यामुळे या आठवड्याचा व्हिडिओ शुक्रवारी येईल.

भेटू या. काळजी घ्या, आणि काळजी घेणारं माणूस आधीच शोधून ठेवा.