न्यायमूर्ती केशवराव कोरटकर

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ, बेला या बाजूस आजही मराठी घरोघरी ऐकू येते. 1956 मध्ये किनवट व राजुरा आमच्या जिल्ह्यातून गेले. मराठी मात्र मागे राहिली. पूर्वी आम्ही सारे निजामाची रयत. त्या रयतेला राजकारणाची वाट कोणी दाखविली असे विचारले, तर केशवराव कोरटकरांचे नाव आधी घ्यावे लागते.

परभणीकडील पुरजळ येथे 1867 साली जन्मलेले केशवराव वकील झाले, पुढे हैदराबाद हायकोर्टाचे न्यायमूर्तीही झाले. ते संस्थानच्या कायदेमंडळाचे सभासद होते. पण ‘सभासद’ या शब्दाने वाचकांनी फसू नये. 1893 साली निघालेल्या त्या मंडळात बहुतेक सरकारी अंमलदारच बसत. जहागीरदारांचे व वकिलांचे मोजके प्रतिनिधी असत. शेतकऱ्याला मत नव्हते आणि अखेरचा शब्द निजामाचा. त्याच काळी अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या विधिमंडळात जाणाऱ्याला निदान मतदारांच्या दारी जावे लागे!

मग अशा मुलखात पुढाऱ्याने करावे तरी काय? केशवरावांनी शाळांना हात घातला. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय 1907 चे. आपल्या कन्नड विभागातील मित्रांना ते मी सांगायला नको. हैदराबादेत वामनराव नाईकांसारख्या सहकाऱ्यांसह त्यांनी विवेकवर्धिनी उभी केली. कचेरीत उर्दू, कोर्टात उर्दू, अशा वेळी मुलाला त्याच्या भाषेत शिकविणे हेच माझ्या मते त्यांचे खरे राजकारण होय.

परंतु एक गोष्ट मला खटकते. नोव्हेंबर 1921 मध्ये याच विवेकवर्धिनीत धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली. उर्दू, मराठी, इंग्रजी भाषणे लोकांनी ऐकून घेतली. आलमपल्ली वेंकटरामाराव तेलुगूत बोलू लागताच मात्र हुल्लड झाली. भाषेचा जाच ज्यांनी सोसला, त्यांच्याच सभेत हे घडावे! तेलुगू शेजाऱ्यांत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून शरम वाटते. त्याच रात्री तेलुगू तरुणांनी आंध्र जन संघ स्थापला. त्यांत बूरगुल रामकृष्णराव होते.

केशवराव 1932 साली वारले. वीस वर्षांनी, 1952 मध्ये, हैदराबादच्या सर्व प्रौढांनी प्रथमच विधानसभेसाठी मत दिले. बूरगुल मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या मंत्रिमंडळात केशवरावांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार मंत्री होते.