तासांची वही

मृग तोंडावर आला की परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या झरीत ट्रॅक्टरचं ऑइल बदलायची घाई सुरू होते. पेरणीआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, हा जुना हिशेब. मोठ्या ट्रॅक्टरला तो कसाबसा पुरतो, मिनी ट्रॅक्टरला पुरत नाही. एका बचत गटाच्या 15 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची देखभाल हाताला काळं लावून केल्यावर मी हे ठामपणे म्हणतो.

सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या गटांना मिनी ट्रॅक्टर आणि अवजारांसाठी साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के अनुदान मिळतं. असा ट्रॅक्टर सगळ्यांचा असतो. आज एकाच्या कपाशीत, उद्या दुसऱ्याच्या हळदीत. जागेवर उभा राहून फवारणीचा पंप चालवला, तर तो हातभरही हलत नाही, पण इंजिनाचे तास भरत जातात. म्हणून या गटाने एक वही ठेवली आहे. कोण घेऊन गेलं ते तीत असतंच, शिवाय जाताना मीटरवर किती तास होते आणि आल्यावर किती, हेही लिहिलेलं असतं. बऱ्याच ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत इंजिन ऑइल पहिल्यांदा 50 तासांनी आणि पुढे दर 250 तासांनी बदलायला सांगितलेलं असतं. छोट्या इंजिनात ऑइल मुळात कमी, त्यामुळे तीच धूळ आणि तीच काजळी थोड्या ऑइलला सोसावी लागते.

काम सावलीत, सपाट जागेवर. आधी इंजिन थोडा वेळ चालवून कोमट करायचं. गार ऑइल तळाशी गाळ धरून बसतं, कोमट असलं की गाळासकट उतरतं. चेंबरचा नट सुटला की काळी धार पातेल्यात पडते. गटातला पोरगा म्हणाला, “काका, काळं झालं म्हंजी खराब झालं असं नसतंय बरं. नवं टाकलं तरी दोन दिवसांत काळंच होतंय.” त्याचं खरं आहे. डिझेल इंजिनाची काजळी ऑइलने स्वतःत धरून ठेवावी, हेच त्याचं काम. घाबरायचं ते ऑइल दुधाळ दिसलं तर, कारण त्यात पाणी शिरलेलं असतं. किंवा पट्टीवरची पातळी घटायच्या ऐवजी वाढली आणि डिझेलचा वास आला तर. अशा वेळी नुसतं ऑइल बदलून भागत नाही, मिस्त्रीच गाठावा लागतो.

ऑइल फिल्टरबद्दल एक गोष्ट प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक हवी. फिल्टरचा कागद गच्च भरला, तरी इंजिन बंद पडत नाही. आतली एक झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं, कारण बेअरिंग कोरडं पडण्यापेक्षा घाण ऑइल परवडलं. म्हणजे यंत्र तक्रार करत नाही, आतून झिजत राहतं. त्यामुळे वहीतले तास पाहायचे, इंजिनाच्या आवाजाची वाट पाहायची नाही. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावायचं, तो टेकेपर्यंत फिरवायचा आणि पुढे पाऊण फेरा फक्त हाताने आवळायचा. पान्याने आवळला तर रबर चेपतं आणि पुढच्या वेळी तो निघता निघत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हवेचा फिल्टर. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, रोटाव्हेटरखाली तिचं पीठ होतं, आणि हा बुटका ट्रॅक्टर त्या पिठातूनच श्वास घेतो. या फिल्टरच्या तळाच्या वाटीत ऑइल असतं. हवा त्यावर आदळून झटकन वर वळते, जड धूळ खाली पडते, उरलेली ऑइलने भिजलेल्या जाळीत अडकते. वाटी उघडली तेव्हा तळाशी बोटभर चिखल होता. धुळीच्या दिवसांत ती रोज उघडून पाहावी. वाटी आणि जाळी डिझेलने धुऊन नीट निथळू द्यायची, मग खुणेपर्यंतच ऑइल भरायचं. खुणेच्या वर भरलं तर इंजिन तेच ऑइल ओढून घेतं आणि आवरेनासं होतं.

डिझेल फिल्टर बदलला की हवा काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार सलग झाल्याशिवाय स्क्रू आवळला तर ट्रॅक्टर शेतात मधेच बंद पडतो. डिझेलमध्ये पाणी साचू नये, याचा उपायही साधा आहे. संध्याकाळी टाकी भरून ठेवायची, म्हणजे रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री पाणी सोडत नाही.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय मात्र सोडायलाच हवी. त्या जड पाण्याचा थर आतल्या नळ्यांत बसतो, आणि परभणीच्या मे महिन्यात त्याची किंमत मोजावी लागते. पुस्तिकेतल्या प्रमाणातच कूलंट घालायचं, आणि झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडायचं.

शेवटी इंजिन सुरू करून खाली गळती पाहिली. बंद करून थोडं थांबलो आणि पट्टी पुन्हा काढली. नव्या फिल्टरने आपला वाटा घेतला होता, तेवढं ऑइल वरून घातलं. वहीत तास लिहिले. काळं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरलं. वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते बांधावर ओतायचं नाही, चुलीतही घालायचं नाही. ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. जुना फिल्टर त्याच कॅनवर उलटा ठेवला, रात्रभर निथळायला.