सागरी सूक्ष्मशैवालांतील जनुकीय अभियांत्रिकी व जनुक-संपादन : स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना :
सूक्ष्मशैवाल हे प्रकाशसंश्लेषण करणारे, बहुधा एकपेशीय सजीव होत. सागरी प्रजाती खाऱ्या पाण्यात वाढत असल्याने त्यांच्यासाठी सुपीक जमीन वा गोडे पाणी फारसे खर्ची पडत नाही. तेल, रंगद्रव्ये व ओमेगा-३ मेदाम्ले यांचा स्रोत म्हणून त्यांना महत्त्व आहे. त्यांच्या जनुकांत बदल करण्याच्या तंत्रांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तंत्रांचे स्वरूप :
जनुकीय अभियांत्रिकीत बाहेरील जनुक पेशीत सोडले जाते. डायाटमच्या पेशीभोवती सिलिकाचे कवच असल्याने डीएनएचा लेप दिलेले धातूचे सूक्ष्म कण वेगाने आत मारण्याची पद्धत अनेकदा वापरली जाते. मात्र ते जनुक गुणसूत्रावर कोठे बसेल, हे सहसा निश्चित नसते. जनुक-संपादनात मार्गदर्शक आरएनए कॅस-९ या विकराला नेमक्या जागी नेतो व तेथे डीएनए कापला जातो. पेशी तो दुरुस्त करताना चूक झाल्यास ते जनुक निकामी होते. थॅलासिओसिरा स्यूडोनाना (२००४) व फिओडॅक्टायलम ट्रायकॉर्नुटम (२००८) या डायाटमांचे जनुकसंच प्रसिद्ध झाले आणि २०१६ मध्ये दोहोंत क्रिस्पर तंत्र यशस्वी ठरले.

तेल आणि वाढ यांतील द्वंद्व :
नायट्रोजनची उपासमार घडविल्यास शैवाल तेल साठविते, परंतु त्याची वाढ खुंटते. २०१७ मध्ये नॅनोक्लोरोप्सिस गाडिटाना या शैवालातील एक नियामक जनुक क्रिस्परने पूर्णतः निकामी केले असता तेल वाढले, पण वाढ मंदावली. त्याच जनुकाची अभिव्यक्ती केवळ अंशतः कमी केल्यावर तेलाचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले व वाढही बव्हंशी टिकली. असे असूनही या संशोधनामागील एक्झॉनमोबिल कंपनीने पुढे शैवाल-इंधनातून अंग काढून घेतले. प्रयोगशाळेतील यश आणि परवडणारे उत्पादन यांत मोठे अंतर आहे, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील उदाहरण :
सिनेकोकॉकस इलाँगेटस पीसीसी ११८०१ हा नील-हरित जीवाणू मुंबईच्या पवई तलावातून मिळविण्यात आला. आयआयटी मुंबईतील प्रा. प्रमोद वांगीकर यांच्या गटाने २०१८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो मूळचा गोड्या पाण्यातील असला तरी क्षार व उष्णता सहन करतो, बाहेरील डीएनए स्वतःहून स्वीकारतो आणि साध्या हवेतील कार्बन डायऑक्साइडवर २.३ तासांत दुप्पट होतो. जनुकबदलासाठी सोयीचे हे गुण एका शहरी तलावातील रानवट वाणात निसर्गतःच होते.

मावळच्या संदर्भात :
मावळ तालुक्यात वळवण, तुंगार्ली, पवना यांसारखे जलाशय आहेत. तेथील शैवालांचे नमुने घेणे, शुद्ध वाण वेगळे करणे व त्यांचा वाढीचा वेग मोजणे ही कामे महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातील आहेत. प्रत्यक्ष जनुकबदलासाठी मात्र १९८९ च्या नियमांनुसार संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची यंत्रणा आवश्यक ठरते. सूक्ष्मशैवाल वारा, पाणी व पक्ष्यांद्वारे पसरू शकत असल्याने उघड्या तळ्यातील लागवडीत ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे.

समारोप :
जनुक-संपादनाने बदलाची अचूकता वाढली. परंतु कोणता जीव निवडावा, हा प्रश्न त्याआधीचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यात स्थानिक जलाशयांचा पद्धतशीर अभ्यास मोलाची भर घालू शकेल.