गाऱ्हाण्यापासून क्रांतीपर्यंत : काही शब्दांची साक्ष

परकीय सत्तेविरुद्धच्या असंतोषाचा इतिहास लिहिताना कर, दुष्काळ, जंगलकायदा इत्यादी कारणांची नोंद केली जाते. ही कारणे खरीच. परंतु ज्या प्रजेने पूर्वीही दुष्काळ सोसले होते, तिच्या तक्रारीचे क्रांतीत रूपांतर केव्हा व कसे झाले, हे त्या नोंदीवरून उलगडत नाही. महाराष्ट्रापुरते पाहता, तक्रार ज्या शब्दांत मांडली गेली त्या शब्दांची साक्ष येथे उपयोगी पडावी.

'अर्ज' हा मूळचा अरबी शब्द. अर्थ, सादर करणे. 'तक्रार' हाही अरबीच, आणि त्याचा मूळ अर्थ मोठा मार्मिक आहे : पुनरावृत्ती. 'गाऱ्हाणे' तर कोकणात आजही ग्रामदेवतेपुढे घालतात. ऐकणारा वर बसलेला आहे व त्याने मनावर घेतल्यास संकट टळेल, हे या तिन्ही शब्दांच्या व्यवहारातील गृहीत होय. १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे कार्य याच गृहीतावर उभे होते. १८७८ च्या जंगलकायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेला राबासाठी झाडाचा टाहळा तोडणेही कठीण झाले, तेव्हाही मार्ग अर्जाचाच होता. आणि १८८५ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. अर्ज सर्वस्वी निष्फळ होते असे म्हणणे, म्हणूनच, अन्यायाचे होईल.

तथापि १८७९ मध्येच वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशांच्या साहाय्याने शस्त्र उचलले होते. ते पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. १८७६-७८ च्या दुष्काळाने त्यांचे मन पेटले. त्यांच्या खटल्यात वकीलपत्र घेतले ते गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक सभेचे संस्थापक 'सार्वजनिक काका' यांनी. अर्जावर श्रद्धा असलेला व ती उडालेला, असे दोघे एकाच न्यायासनापुढे उभे राहिले. फडके १८८३ मध्ये एडनच्या कारावासात वारले. त्यांच्या उठावाला तत्कालीन शब्द मिळाला तो 'बंड'. आणि बंड म्हटले की मूळ सत्ता न्याय्य ठरतेच.

कोंडी फुटली ती 'हक्क' या शब्दात. पेशवाईच्या कागदांत हक्क म्हणजे वतनदाराचे ठरीव उत्पन्न. सनद देणारा ते काढूनही घेऊ शके. १९१६ मध्ये, होमरूलच्या चळवळीत, टिळकांनी स्वराज्याच्या संदर्भात त्याला 'जन्मसिद्ध' हे विशेषण जोडले. या एका विशेषणाने देणारा नाहीसा झाला! तत्पूर्वीच, बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यावर, डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला, आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना आमच्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. हा मार्ग मोजक्यांचा होता. टिळकांचा शब्द बाजारपेठेत पोचला.

'क्रांति' ही संज्ञा ज्योतिषातून आलेली. 'क्रम्' धातूचा अर्थ पाऊल टाकणे, ओलांडणे. सूर्याचा भासमान मार्ग तो क्रांतिवृत्त. इंग्रजी 'रेव्होल्यूशन' शब्दही आकाशातूनच राजकारणात उतरला, हे येथे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

ओलांडणे म्हणजे काय, ते सातारा जिल्ह्यात दिसले. १९४२ च्या आंदोलनातून नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रतिसरकार उभे राहिले व ते १९४६ पर्यंत टिकले. त्याने गावोगावी न्यायदान मंडळे स्थापली. जमिनीचे तंटे, सावकारी, गुंडांचा उपद्रव, सारी गाऱ्हाणी जुनीच होती. लोक ती मामलेदाराच्या कचेरीऐवजी या मंडळांपुढे नेऊ लागले.