जखमी विमानाचा तोल

४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून सिडनीकडे निघालेल्या क्वांटास कंपनीच्या ए-३८० विमानाचे एक इंजिन इंडोनेशियाच्या बाताम बेटाच्या आकाशात फुटले. टर्बाइनच्या चकतीचे तुकडे पंख भेदून गेले. द्रवदाबाच्या दोन यंत्रणांपैकी एक निकामी झाली, शेकडो तारा तुटल्या, इंधन गळू लागले. विमानात ४६९ माणसे होती. एवढी हानी होऊनही ते विमान वैमानिकाच्या हाताला प्रतिसाद देत राहिले.

जुन्या विमानांत वैमानिकाच्या हातातील दांडा आणि पंख-शेपटीवरील हलत्या पट्ट्या यांच्यामध्ये पोलादी दोर, कप्प्या व द्रवदाबाच्या नळ्या असत. दांडा इतका ओढला की पट्टी इतकी हलणार, एवढेच त्या जोडणीचे ज्ञान. ‘फ्लाय-बाय-वायर’ पद्धतीत दांड्याची हालचाल विद्युत संकेताच्या रूपाने संगणकाकडे जाते. नासाने १९७२ साली एफ-८ विमानावर तिचा अंकीय प्रयोग केला, तेव्हा चांद्रमोहिमेतील अपोलो यानाचाच संगणक त्यात बसवला होता!

हा संगणक वैमानिकाची हालचाल ‘पट्टी हलव’ या आज्ञेप्रमाणे वाचत नाही. ‘विमान या गतीने उजवीकडे कलू दे’ ही इच्छा म्हणून वाचतो. संवेदक विमानाची प्रत्यक्ष गती सतत मोजत असतात. मागितलेले आणि घडलेले यांत अंतर दिसले की उरलेल्या पट्ट्यांना अधिक काम दिले जाते. काय मोडले आहे, हे त्याला कळलेच पाहिजे असे नाही. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी स्त्री ठेचकाळली तरी पाणी सांडू देत नाही; कोणता स्नायू किती ताणावा याचा हिशेब ती मांडत बसत नाही. तसेच हे. शिवाय ए-३८०च्या काही पट्ट्यांजवळ विजेवर चालणारे स्वतंत्र छोटे पंप असतात. मुख्य नळी फुटली तरी त्या हलू शकतात.

मात्र संगणकाला मिळणारी माहिती अपुरी पडली की तो आपली काही संरक्षणे सोडून देतो आणि अधिक भार माणसावर येतो. त्या दिवशीही तसेच झाले. म्हणून कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी उतरण्यापूर्वी आकाशातच विमान हलके कलवून ते कितपत ताब्यात आहे हे पारखून घेतले. सुमारे दोन तासांनी विमान चांगी विमानतळावर टेकले आणि धावपट्टीचे जेमतेम दीडशे मीटर उरले असता थांबले. कोणालाही इजा झाली नाही.

पट्ट्या हलवणारी शक्तीच संपली, तर मात्र असा संगणकही हतबल ठरेल. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या डीसी-१० विमानाच्या तिन्ही द्रवदाब यंत्रणा गेल्या. वैमानिकांनी केवळ इंजिनांचा जोर कमी-अधिक करीत ते सू सिटीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेच कौशल्य संगणकाला शिकवून नासाने २९ ऑगस्ट १९९५ रोजी एमडी-११ विमान केवळ इंजिनांच्या आधारे उतरवून दाखवले. तरीही २००३ साली बगदादवर क्षेपणास्त्र लागून द्रवदाब गमावलेले मालवाहू ए-३०० विमान तिघा जणांना इंजिनांच्या जोरावर स्वतःच्या हातांनीच उतरवावे लागले.